मांजर दत्तक घेताना

महोदय,

पावसाळ्यात बेवारस पिल्ले आणि मांजरे दत्तक देणारी शिबिरे ठिकठिकाणी भरतात व अनेक कुटुंबे हौसेने मांजर घरी नेतात. मात्र त्यांतली काही ‘दिवाणाखालून बाहेरच येत नाही’ या तक्रारीसह आठवडाभरात परत केली जातात, याचे फार वाईट वाटते.

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडे म्हणतात. तसे असेल, तर दत्तक आलेल्या मांजराचे एका दिवसात सगळेच हरपलेले असते. गेल्या श्रावणात आणलेल्या मांजरीला आम्ही थेट बाहेरच्या खोलीत सोडले, शेजारची मुले बघायला जमली, आणि ती जी कपाटामागे शिरली ती रात्रीपर्यंत दिसली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आतली लहान खोली तिच्यासाठी मोकळी केली. एका कोपऱ्यात पाणी व तिच्या सवयीचेच खाणे, त्यापासून लांब शी-शूसाठी लिटरचा (वाळूसारख्या खड्यांचा) ट्रे, आणि लपायला जुनी साडी अंथरलेले खोके ठेवले. तिला ओढून बाहेर काढायचे नाही, एवढे घरात सर्वांना बजावले. मी रोज संध्याकाळी तिथे जमिनीवर बसून भाजी निवडत असे. पाचव्या दिवशी ती खोक्यातून आली, गवारीच्या शेंगा हुंगल्या आणि माझ्या गुडघ्याला डोके घासून परत आत गेली. मात्र मांजराने दिवसभर अन्नाला तोंडच लावले नाही, तर पशुवैद्यांना विचारावे, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते.

फेनेलने पुसलेल्या लादीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. फुलदाणीतल्या लिलीमुळे त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. याहून नित्याचा धोका उघड्या खिडकीचा आहे. आम्ही फक्त बाल्कनीला जाळी लावली होती, आणि एका सकाळी कबुतरामागे ती पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलबाहेर अर्धी झुकलेली दिसली. त्याच दिवशी सर्व खिडक्यांना जाळ्या बसवल्या. खरे तर त्या ती येण्याआधीच बसायला हव्या होत्या.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना विनंती आहे, की मांजर हाती देण्यापूर्वी ही माहिती मराठीत छापून द्यावी आणि घरच्या खिडक्यांना जाळी असल्याची खात्री करून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, ठाणे