दुकानात सापडलेले मूल आणि ‘दहापट दंडा’ची पाटी

संपादक महोदय,

दुकानात वस्तू उचलताना मूल सापडले की त्याला मागच्या खोलीत बसवायचे, माफीनामा लिहून घ्यायचा, आईवडिलांना बोलावून किमतीच्या दहापट रक्कम वसूल करायची आणि वर सीसीटीव्हीचे चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे, असे प्रकार होतात. यातले आईवडिलांना बोलावणे तेवढे योग्य. बाकी कशालाच कायद्याचा आधार नाही. ‘पोलीस नकोत’ या भीतीने पालक पैसे मोजतात, म्हणून पोलिसांपर्यंत गेल्यास काय होते ते पाहू.

7 वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. 7 ते 12 या वयात, आपण करतो ते काय आहे याची समज त्याला होती का, हे पाहावे लागते. 18 पूर्ण होईपर्यंत मुलाला 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे मुलांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे, हजर करावे लागते. साध्या चोरीत एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. सोबत प्रौढ असेल तर मात्र एफआयआर होतो. आणि मुलाला चोरीसाठी वापरणाऱ्या प्रौढाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 खाली 3 ते 10 वर्षे कैद आहे.

खरी मेख कलमात आहे. साध्या चोरीला, म्हणजे याच संहितेच्या कलम 303(2) ला, कमाल शिक्षा 3 वर्षे. त्यामुळे बाल न्याय कायद्यात ती ‘किरकोळ’ ठरते. अशा प्रकरणाची चौकशी 4 महिने आणि वाढीव 2 महिन्यांतही पुरी झाली नाही, तर प्रकरण तिथेच संपते. वस्तू 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर प्रौढालासुद्धा फक्त समाजसेवेची शिक्षा आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा) व जामीनपात्र आहे. पण दुकान म्हणजे माल ठेवण्याची इमारत, असे धरून कलम 305 लावले की कमाल शिक्षा 7 वर्षांवर जाते. मग ‘किरकोळ’ची व्याख्या लागू होत नाही आणि मुदतीनंतर प्रकरण संपण्याची सोयही जाते. म्हणून कागदावर कोणते कलम आहे आणि वस्तूची किंमत लिहिली आहे का, हे पालकांनी पहिल्याच दिवशी पाहावे. वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देते.

मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकते, पालकांना दंड भरायला लावू शकते, चांगल्या वर्तनाच्या अटीवर परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडू शकते. विशेष गृहात (अशा मुलांच्या सुधारगृहात) पाठवण्याचा अधिकार कमाल 3 वर्षांचा. तो शेवटचा उपाय. या निकालामुळे पुढे नोकरीत किंवा शिक्षणात अपात्रता येत नाही (बाल न्याय कायदा, कलम 24). हे कळले, तर कितीतरी घरांतली भीती कमी होईल.

दिवाणी बाजू छोटी आहे. ‘दहापट दंड’ ही पाटी म्हणजे कायदा नव्हे. दंड करण्याचा अधिकार दुकानाला नाही. झालेल्या नुकसानीपुरता दावा लावता येतो, पण वस्तू धडधाकट परत आली तर नुकसान उरतेच किती? केवळ आईवडील आहेत म्हणून त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा किंवा सहभाग दाखवावा लागतो. मुलाने लिहून दिलेली ‘इतके पैसे भरीन’ अशी हमी निरर्थक आहे. अज्ञानाचा, म्हणजे 18 वर्षांखालील व्यक्तीचा, करार शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1903 मध्येच ठरवले आहे. उलट पोलिसांची भीती घालून जादा पैसे काढणे खंडणी ठरू शकते आणि खोलीत डांबणे न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे. खासगी व्यक्तीला अटकेची मुभा आहे ती डोळ्यांसमोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरती. तिथेही विनाविलंब, फार तर 6 तासांत, पोलिसांकडे सोपवावे लागते.

चित्रण फिरवणाऱ्यांनी बाल न्याय कायद्याचे कलम 74 वाचावे. मुलाचे नाव, शाळा, पत्ता, चेहरा, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वृत्तपत्रांनाही ते तितकेच लागू आहे.

दुकानदाराने वस्तू परत घ्यावी, खराब झाली असेल तर छापील किंमत मागावी आणि पालक येईपर्यंत मुलाला चारचौघांसमोर, शक्य तर महिला कर्मचाऱ्याच्या सोबतीने बसवावे. त्याची झडती घेऊ नये. तक्रार द्यायचीच असेल तर ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावी आणि चित्रणाची प्रत फक्त त्यांनाच.

आपले,
बाल न्याय मंडळासमोर काम करणारे वकील