लोअर आर्मच्या सदोष बुशबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या स्विफ्टसाठी घेतलेले बुश सदोष निघाल्याने पैसे व मजुरी परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे 2009 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. तिच्या लोअर आर्मचे, म्हणजे पुढचे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश मी तुमच्याकडून घेतले. बुश म्हणजे त्या जोडावरचा धक्का शोषणारा, धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबर असलेला भाग. पंधरा वर्षे झाल्यावर आरटीओत तपासणी करून तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. ब्रेक मारला की पुढून खट्‌ आवाज यायचा आणि डावा टायर आतल्या बाजूने खाऊ लागला होता. मेकॅनिकने टॉमी (लोखंडी कांब) लावून आर्म हलवून दाखवला. बुश गेले होते. आर्म सरळ होता, चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट घट्ट होता. म्हणून अख्खा आर्म न बदलता फक्त बुश तुमच्या ॲपवरून मागवले. माहितीत ‘रबर, मूळ भागाप्रमाणे, हेवी ड्युटी’ असे लिहिले होते.

आलेल्यांपैकी आर्मच्या मागच्या जोडाचा बुश मूळ भागाप्रमाणे नव्हता. गाडीतून निघालेल्या बुशच्या रबरात समोरासमोर दोन आरपार खाचा आहेत. चाक खड्ड्यात आदळले की आर्मला या खाचांमुळे किंचित मागे सरकायला वाव मिळतो आणि धक्का बॉडीपर्यंत पोचत नाही. खाचा नसलेल्या दिशेला रबर भरीव असते, त्यामुळे तिकडे आर्म फारसा हलत नाही. म्हणूनच प्रेस मारताना, म्हणजे यंत्राने दाबून बसवताना, बुशची दिशा पाळावी लागते. तुम्ही पाठवलेला बुश चहूबाजूंनी भरीव होता. दिशेची खूण नव्हती, पार्ट नंबर नव्हता. पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि उत्पादनाचा महिनाही नव्हता. वैधमापन शास्त्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे तो छापणे बंधनकारक आहे.

हे पाहून मेकॅनिकने काम थांबवले. मी लगेच तुम्हाला जुन्या आणि नव्या बुशचे फोटो पाठवले. ‘ही सुधारित आवृत्ती आहे, बसवून घ्या’ असे तुमचे लेखी उत्तर आले. त्या भरवशावर बुश बसवले. गाडी चाकांवर उभी करून मगच बोल्ट शेवटचे आवळले, नंतर अलाइनमेंट केली. तरीही पहिल्याच दिवसापासून लहानसहान खड्ड्यांचा दणका स्टिअरिंगमध्ये यायला लागला आणि काही आठवड्यांत जुना आवाज परत सुरू झाला.

बुश काढून पाहिला, तर रबर बाहेरच्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटले होते. फटीत अलाइनमेंटची पावती सहज सरकत होती. सुटलेल्या जागी धातू गुळगुळीत आणि चकचकीत आहे, रबराचा कणही चिकटलेला नाही. रबर ताणाने फाटले असते तर त्याचा थर नळीला राहिला असता. इथे रबर धातूला नीट चिकटलेलेच नव्हते. हा दोष कारखान्यातला आहे, तरी ‘बसवलेला भाग परत घेत नाही, गाडी जुनी आहे’ असे सांगून तुम्ही हात झटकले. बसवा असे तुम्हीच सांगितले होते! आणि गाडी जुनी आहे म्हणूनच तर बुश विकत घेतले.

तुमच्या प्रतिनिधीने वर पॉलियुरेथेनचे (रबराऐवजी वापरतात त्या कडक प्लास्टिकचे) बुश घ्यायला सुचवले. ते टिकाऊ असतात हे मान्य. पण ते कडक असतात, त्यांची आतली नळी फिरती असल्याने सिलिकॉन ग्रीस लागते, नाहीतर कुरकुरतात, आणि रस्त्याची थरथर आत जास्त येते. माझी आई मणक्याच्या दुखण्याने त्रस्त आहे आणि दवाखान्यात याच गाडीतून जाते. आम्हाला रबरच हवे होते, तेच विचारपूर्वक निवडले होते आणि त्याचेच पैसे दिले होते.

बुशची किंमत, प्रेसची व फिटिंगची मजुरी आणि अलाइनमेंटचा खर्च मला परत द्यावा. त्या लॉटची विक्री थांबवून तपासणी करावी. यापुढे प्रत्येक बुशसमोर पार्ट नंबर, रबर की पॉलियुरेथेन, शोअर ए मापातला कडकपणा, खाचांची दिशा आणि दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत. जुन्या गाडीवाल्याला नुसते ‘हेवी ड्युटी’ वाचून भाग निवडता येत नाही. ‘हेवी’ म्हणजे नुसते कडक रबर असेल, तर तसे स्पष्ट लिहा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सुटलेला बुश आणि मूळ बुश माझ्याकडे जपून ठेवले आहेत. तुमच्या तंत्रज्ञाने गॅरेजमध्ये येऊन दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

आपला ग्राहक,
सातारा

सोबत: बिले, चॅटची प्रत, दोन्ही बुशचे फोटो