रानाच्या सौद्याआधी

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

एजंट पुन्हा येऊन गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं. आपलं शेत विकायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. पण "यंदा पेरू नका, मोकळं रान लवकर खपतं" हे त्याचं अजिबात ऐकू नका.

2011च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 9,51,558 होती. शहर दहा लाखांच्या आतलं, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरपर्यंतचं रान प्राप्तिकरवाले शहरी धरतात आणि विक्रीच्या नफ्यावर कर लावतात. (नव्या जनगणनेत आकडा दहा लाखांपुढे गेला की ही रेघ आठ किलोमीटरवर जाईल.) आपलं रान देगावच्या पलीकडे असलं तरी रेघेच्या आतच आहे. यातून सुटायचं तर विक्रीआधी सलग दोन वर्षं त्यात शेती झालेली हवी, आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यायला हवी. शेती केल्याचा पुरावा म्हणजे सातबाऱ्यावरचं पीक. तिथं 'पड', म्हणजे न पेरलेलं, असं लागलं की भांडत बसावं लागेल. म्हणून मालदांडी ज्वारी पेराच, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, मुदतीत करून घ्या. नवं रान घेतलं तर तीन वर्षं विकायचं नाही. प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रान मिळालं नाही, तर पैसे बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खात्यात टाकायचे, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही.

अर्धे पैसे रोख देतो म्हणेल. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतले, तर घेतले तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. इसार चेकनंच घ्या. कुलमुखत्यारपत्रावर मात्र सही नकोच. तेवढ्यावर तो परस्पर पुढे विकून मोकळा होईल.

सगळं तर विकूच नका. शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नावावर काहीच रान उरलं नाही तर शेतकरी दाखला कशावर काढणार? विहिरीचा तुकडा ठेवा, बागायत आहे तेव्हा दहा गुंठ्यांच्या खाली जाऊ देऊ नका. म्हशींची वैरण त्यात निघेल. कडबा विकत घेऊन दूध परवडत नाही, हे आईला जास्त कळतं. त्या तुकड्याकडे जायची वाट खरेदीखतात रुंदीसकट लिहून घ्या. नाहीतर कंपाउंड पडलं की ट्रॅक्टर बाहेरच.

आता पाण्याचं. वरच्या प्लॉटिंगवाल्यानं ओढ्यात मुरूम ढकललाय, त्यामुळे पावसाचं पाणी आपल्या तुरीत तुंबतं. काळ्या रानात चार दिवस पाणी उभं राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि तूर उभी वाळते. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आणि आई, नव्या कॉलनीचं सांडपाणी ओढ्यात उतरतंय, ते मेथी-कोथिंबिरीला देऊ नकोस. हत्तीघासाला चालेल.

जुने फेरफार (जमिनीच्या मालकी-बदलाच्या नोंदी) आणि मोजणीचा नकाशा काढून ठेवा. आजोबांच्या वारसनोंदीत आत्यांची नावं असतील, तर त्यांच्या सहीशिवाय सौदा अडेल. त्यांच्याशी आधी बोला, एजंटाशी नंतर.

तुमचा,
बाळू