हुमणी ओळखणारं माणूस हवंय : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कीटकसंग्रहासाठी संग्रहपालाचं पद निर्माण करण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

माझ्या घराच्या मागच्या खोलीत सध्या अकरा हजारांच्या आसपास मेलेले भुंगेरे आहेत. खोली खरं तर नातवाची. तो आता हॉलमध्ये झोपतो, सून माझ्याशी जरा जपून बोलते आणि घरातल्या सगळ्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो. हे भुंगेरे कुठेतरी नीट ठेवले जावेत आणि ते सांभाळायला एक जाणतं माणूस नेमलं जावं, एवढ्यासाठी हे पत्र. आधी दोनदा साध्या टपालानं लिहिलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

मी एका अनुदानित महाविद्यालयात ३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. संशोधनाचा विषय भुंगेऱ्यांचं वर्गीकरण. स्टाफरूममध्ये माझं नाव ‘किडेवाल्या मॅडम’, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. भुंगेरा म्हटलं की लोकांना दिव्याभोवती घोंगावणारा तपकिरी किडा तेवढा आठवतो. पण तांदळातले सोंडे, शेणाच्या गोळ्या लोटत नेणारा शेणकिडा, कोकणात नारळाचा कोंब पोखरणारा गेंडा भुंगा, माव्यावर जगणारा ढालकिडा, हे सगळे भुंगेरेच. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला ज्याच्यासाठी गाड्यांच्या रांगा लागतात तो काजवाही भुंगेराच. जगात आजवर सुमारे चार लाख जातींना नावं मिळाली आहेत. नाव न मिळालेल्या किती, ते मोजायलाही माणसं लागतात.

मी या वाटेला कशी लागले ते सांगते, कारण माझी मागणी तिथूनच निघते.

१९७४ साली मी आठवीत होते. आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीच्या काठाला. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडायला लागला. वडिलांनी एक बेट धरून हिसका दिला तर ते अलगद हातात आलं, मुळ्याच नव्हत्या. खालची माती उकरली तर विळ्यासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या. हुमणी. हुमणी म्हणजे भुंगेऱ्यांचीच अळी, म्हणून पुढच्या वर्षी वळीव पडल्या पडल्या गावानं ठरवलं की भुंगेरे धरायचे. दिवेलागणीला पेट्रोमॅक्स घेऊन सगळे बाहेर पडले. कडुनिंब, बाभळी, बोरी झोडपल्या, खाली पोती अंथरली, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले. आठ-दहा दिवस हे चाललं. बादल्या भरल्या. माळावरच्या लोकांचा ऊस त्या साली बराचसा वाचला. आमचा पुन्हा गेला. वडील नशिबाला बोल लावून मोकळे झाले.

नशीब नव्हतं ते. एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं की हुमणी एक नाही. माळरानात बहुतेक करून होलोट्रायकिया सेराटा, नदीकाठच्या रानात ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा. आता कृषी खात्याच्या घडीपत्रिकांतसुद्धा ‘माळावरची हुमणी’ आणि ‘नदीकाठची हुमणी’ अशी वेगळी नावं छापतात. पहिलीचे भुंगेरे कडुनिंबावर हमखास सापडतात. आमच्या रानातले मात्र पुढे कितीतरी पावसाळे मी कडुनिंबावर शोधले, क्वचितच दिसले. म्हणजे आम्ही दहा रात्री जागून शेजाऱ्याचे किडे मारत होतो.

अळी ओळखायची कशी? ती उताणी करायची. पोटाच्या शेवटच्या खंडावर, खालच्या अंगाला, गुदद्वाराच्या पुढे राठ केसांची बारीक नक्षी असते. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. कुणाचे केस दोन समांतर ओळींत, कुणाचे विस्कटलेले, कुणाची टोकं आकड्यासारखी वळलेली. अळी वळवळते, त्यामुळे ती अंगठा आणि तर्जनीत दाबून धरायची, पण फुटेल इतकी नाही. प्रौढ भुंगेऱ्यांत तर पुष्कळदा वरून काहीच कळत नाही. नराचं जननेंद्रिय बाहेर काढून, कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. (यावर स्टाफरूममध्ये जे विनोद झाले ते मंत्र्यांना लिहिण्याजोगे नाहीत.) हा हात बसायला पाच-सहा वर्षं जातात आणि तो पुस्तकातून बसत नाही, शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

पुस्तकाचं म्हणाल तर त्याचीही गंमत ऐका. या गटासाठी आम्ही आजही उघडतो ते ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे खंड, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या गिल्बर्ट ॲरोनं लिहिलेले. पहिला १९१० साली आला, दुसरा १९१७ साली, शेणकिड्यांवरचा तिसरा १९३१ साली, आणि चौथा ॲरोच्या मृत्यूनंतर. हुमणी ज्या उपकुळातली, त्या मेलोलॉन्थिनीचा खंड मात्र आलाच नाही. ज्या किड्यांनी आपला ऊस आणि भुईमूग खाल्ला, नेमका त्यांचाच. साहेब गेले, आपण ७५ वर्षांहून जास्त स्वतंत्र आहोत, आणि तो खंड लिहायचं काम अजून पडून आहे. आमच्यातल्या मोजक्या लोकांनी तुकड्यातुकड्यानं ते केलं, शोधनिबंधांतून, पदरमोड करून.

‘नावात काय आहे, औषध एकच मारायचं ना?’ असं मला एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. साल्व्हिनिया नावाचं पाण्यावर तरंगणारं एक दक्षिण अमेरिकी नेचं आहे. केरळात त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. आफ्रिकेत करिबा धरणाचा जलाशय त्यानं झाकला, केरळात भातखाचरं आणि कालवे. उपाय म्हणून आफ्रिकेत सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस नावाचे सोंडकिडे सोडले. फारसं काही झालं नाही. १९७२ साली एका वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवलं की हे नेचं मुळात समजत होते ती जात नाहीच. मग त्याचं खरं माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं आणि तिथे त्याच्यावर तसेच दिसणारे, जेमतेम दोन मिलिमीटरचे सोंडकिडे सापडले. तेही सिंग्युलॅरिसच असं समजून १९८० साली ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळच्या एका तलावात सोडले. वर्ष-सव्वा वर्षात हजारो टन नेचं फस्त. असं कसं झालं म्हणून भुंगेरे पुन्हा भिंगाखाली गेले, तर ती जातच निराळी. १९८५ साली तिला सिर्टोबेगस साल्व्हिनी हे नाव मिळालं. हाच सोंडकिडा त्याच दशकात केरळात आणला गेला आणि तिथलं पाणी मोकळं झालं. दोन सोंडकिड्यांमध्ये फरक तो किती, नखाएवढाही नाही. चुकीच्या नावापायी वर्षं वाया गेली, बरोबर नाव मिळालं तेव्हा सगळा उलगडा झाला.

हे ऐकून ते अधिकारी म्हणाले, ‘मग आता डीएनए बारकोडिंग करा, माणूस कशाला?’ बारकोडिंग चांगलंच आहे, मी स्वतः नमुने पाठवले आहेत. पण यंत्र सांगतं ते एवढंच, की तुमच्या किड्याच्या डीएनएचा तुकडा आमच्या यादीतल्या अमक्या नमुन्याशी जुळतो. त्या यादीतल्या नमुन्यावर पहिलं नाव कुणी लिहिलं? कुणीतरी भिंग घेऊन बसलेल्यानंच ना? त्यानं चुकीचं लिहिलं असेल तर यंत्र तीच चूक दर वेळी बिनचूक सांगेल.

आता तुमच्या खात्याकडे येते. आमच्या विषयातला शोधनिबंध दोन-तीन वर्षांच्या कामातून निघतो आणि जिथे छापतो त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचे इतर लोक सरासरी किती संदर्भ देतात तो आकडा, नगण्य असतो. बढतीच्या वेळी, भुंगेऱ्यांच्या एका गटाच्या वर्गीकरणाच्या मी केलेल्या संपूर्ण पुनर्मांडणीला जेवढे गुण मिळाले, तेवढेच शेजारच्या विभागातल्या एका चार पानी टिपणाला. होलोट्रायकिया सेराटाला नाव दिलं डेन्मार्कच्या फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानं, अठराव्या शतकात, भारतात पाऊलही न ठेवता. ते नाव आपण आजही वापरतो, पण ते नाव लिहिणारे सगळेच काही त्याच्या निबंधाचा संदर्भ देत नाहीत. तुमच्या हिशेबात तो सहयोगी प्राध्यापकसुद्धा झाला नसता.

माझा सर्वांत चांगला विद्यार्थी गडहिंग्लजकडचा. हात इतका हलका की चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचे पाय न मोडता कागदाच्या टोकावर चिकटवायचा. पीएच.डी. झाली, प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा झाली, आणि मग सात वर्षं तासिका तत्त्वावर. उन्हाळ्यात पगार नाही, दिवाळीत नाही, जून उजाडला की पुन्हा मुलाखत. लग्न ठरेना. शेवटी त्यानं कृषी सेवा केंद्र टाकलं. आता तो हुमणीचं औषध विकतो. मागच्या पावसाळ्यात मी गेले होते. एक शेतकरी प्लास्टिकच्या डबीत अळ्या घेऊन आला, तेव्हा यानं सवयीनं एक उताणी केली, काउंटरखालून माझंच जुनं भिंग काढलं आणि म्हणाला, ‘काका, ही नदीकाठची. फवारा कडुनिंबावर मारू नका, पैसे जातील.’ त्या दिवशी त्याची एक बाटली कमी खपली.

आणि संग्रह माझ्या घरी कसा आला, तेही सांगितलं पाहिजे. निवृत्तीनंतर वर्षभरात, तपासणी समिती येणार म्हणून महाविद्यालयानं आमची संग्रहाची खोली रिकामी करून तिथे संगणकाची वर्गखोली केली. कपाटं जिन्याखाली गेली. तिथे भिंतीला ओल. माझ्या जागी पूर्णवेळ कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे डांबरगोळ्या बदलायचं काम कुणाचंच नव्हतं. आठ महिन्यांनी मी सहज म्हणून गेले आणि सोंडकिड्यांचे दोन ड्रॉवर उघडले. टाचण्या उभ्या होत्या, त्यांच्यावर लेबलंही होती, आणि टाचण्यांच्या बुडाशी तपकिरी भुकटी. त्या भुकटीत केसाळ अळ्या फिरत होत्या, डर्मेस्टिडच्या. डर्मेस्टिड म्हणजेही भुंगेरेच, हे त्यातल्या त्यात विनोदी. आंबोली, २२ जून १९९१. कोयनानगर, ३ ऑक्टोबर १९८८. लेबलांवरचं अक्षर माझंच होतं आणि त्या जागी आता दाखवायला काही नव्हतं. प्राचार्यांनी समजूतदारपणे ‘ना हरकत’ लिहून दिलं. टेम्पो मी केला.

तुम्ही म्हणाल, भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे ना, १९१६ पासून, पुण्यात आकुर्डीला त्यांचं केंद्रही आहे. आहे, आणि तिथल्या लोकांनी मला वेळोवेळी मदत केली. पण ते केंद्र सरकारचं खातं, त्यांना स्वतःच्या कामालाच माणसं पुरत नाहीत. विद्यार्थी घडतात ते विद्यापीठात, आणि अकृषी विद्यापीठं तुमच्याकडे आहेत. बी.एस्सी. कृषीची मुलं अजून कीटकपेटी करतात. निम्म्या पेट्या सीनियरकडून विकत घेतलेल्या असतात ते सोडा, पण उरलेल्या निम्म्या करणाऱ्यांत एखादा असतोच की ज्याला त्या पेटीचं वेड लागतं. त्यानं पुढे कुठे जायचं?

माझं मागणं मोठं नाही. राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठात कीटकसंग्रहासाठी संग्रहपालाचं एक पद काढा. कायम, पूर्णवेळ, तासिकेवरचं नाही. त्याच्या कामाचे गुण इम्पॅक्ट फॅक्टरवर न मोजता किती नमुने ओळखले, किती सांभाळले, किती मुलं तयार केली यावर मोजा. एक कोरडी खोली द्या. वातानुकूलन मिळालं तर उत्तमच, नाहीतर ओल नसलेली भिंत चालेल. जाहिरात निघालीच तर गडहिंग्लजचा तो मुलगा अर्ज करेल, वयाची अट तेवढी बघा. त्याचं ४१ चालू आहे.

अकरा हजार भुंगेरे मी विनामूल्य देते. मोठ्यांच्या उजव्या पंखकवचातून टाचणी आहे, बारके कागदाच्या टोकावर चिकटवलेले आहेत, आणि प्रत्येकाखाली ठिकाण, तारीख आणि कुणी पकडला ते लिहिलेलं आहे. त्यांतले अडीचशेएक अजून ओळखायचे राहिलेत, डाव्या कपाटात, सर्वांत खालच्या ड्रॉवरमध्ये.

पावसाळ्यात डांबरगोळ्या दर दोन महिन्यांनी बदलाव्या लागतात. पुढची पाळी ऑगस्टमध्ये आहे. तोवर कुणाला पाठवलंत तर किल्ल्या देईन आणि दोन दिवस बसून कशात काय आहे ते दाखवेन. नातू शाळेतून साडेपाचला येतो. त्याच्या आधी आलेलं बरं, नाहीतर तोच सगळं सांगत बसेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका
(किडेवाल्या मॅडम)