मक्याची निर्यात ओलीपाशीच अडते

संपादक महोदय,

मक्याचे भाव उतरले की निर्यातीला अनुदान द्या, ही मागणी मराठवाड्यात ठरल्यासारखी उठते. अनुदानाने एखादा हंगाम निभावेल. पण व्हिएतनाम-मलेशियातल्या पशुखाद्य कारखान्याने ब्राझील, अर्जेंटिनाचा माल सोडून आपला मका वर्षानुवर्षे घ्यावा असे वाटत असेल, तर सुरुवात सिल्लोड, भोकरदन, कन्नडच्या मोंढ्यात लिलावाच्या ढिगापासून करावी लागेल. ओला आणि वाळलेला मका तिथे जवळपास एकाच भावात जातो.

हिशेब साधा आहे. २० टक्के ओलीच्या १०० क्विंटल मक्यात कोरडा अंश ८० क्विंटल. तो १४ टक्क्यांवर आणला की वजन ९३ क्विंटल भरते आणि १२ टक्क्यांवर आणला की ९१ च्या आत. १४ टक्क्यांच्या मालाला २००० रुपये भाव असेल, तर २० टक्क्यांच्या मालाचे रास्त मोल १८६० रुपये, आणि वाळवणीची मजुरी त्यातून आणखी वजा. दोन्हींच्या भावात क्विंटलमागे १४० रुपयांहून कमी फरक राहिला, की माल वाळवून आणणारा शेतकरी घाट्यात जातो. ढिगात हात घालून आणि दाणा दाताखाली फोडून केलेल्या अंदाजात एवढा फरक क्वचितच निघतो. मग ताडपत्रीवर चार दिवस उन्हे कोण देणार? शेतकरी आळशी नाही, त्याला गणित येते.

मॉइश्चर मीटर आहेत, पण त्यांच्या आकड्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास नाही, आणि त्याला कारणे आहेत. सोयाबीनच्या सेटिंगवर मका मोजला जातो. उन्हात तापलेला दाणा थेट कपात टाकला जातो. पहाटेच्या दवाने वरून ओलसर झालेला माल असेल, तर आकडा उगाच चढतो. २० टक्क्यांच्या वर तर या यंत्रांची चूक वाढतच जाते. उपाय महागडा नाही. ढिगाच्या पाच-सहा जागांतून, तळातूनसुद्धा, नमुना काढून एकत्र करावा, दाणा सावलीत निवू द्यावा, तीनदा मोजून सरासरी घ्यावी आणि हंगामाच्या सुरुवातीला मीटर ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट मोजण्याच्या पद्धतीशी (अख्खा दाणा, १०३ अंश सेल्सियस, ७२ तास) ताडून घ्यावा. प्रत्येक टक्क्याला भाव किती कमी-जास्त होतो, याचा तक्ता लिलावाच्या ओट्यावर रंगवून ठेवावा. तक्ता लागला की कडत्याची (वजनातून कापल्या जाणाऱ्या घटीची) घासाघीस बरीचशी आपोआप मिटेल.

ओलीचे नुकसान वजनापुरते असते, तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. परतीच्या पावसात मळलेला २५ टक्क्यांचा मका वर ताडपत्री ओढून दोन-तीन दिवस ठेवला, तर ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागते, आंबूस वास येतो आणि दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळी बुरशी दिसते. ॲफ्लाटॉक्सिन हे विष याच बुरशीचे. बुरशीची लागण पुष्कळदा शेतातच झालेली असते. कणीस भरताना पाण्याचा ताण पडतो किंवा लष्करी अळी कणसाचे टोक पोखरते, तिथून ती आत शिरते. नंतरची वाळवण बुरशी थांबवते, पण तयार झालेले विष जात नाही. ते उष्णतेलाही सहसा दाद देत नाही.

२ पीपीबीच्या (म्हणजे अब्ज भागांत दोन भाग विष असलेल्या) १०० क्विंटल चांगल्या मक्यात २०० पीपीबीचा १० क्विंटल माल मिसळला, की सगळा ढीग २० पीपीबीवर जातो. अन्नधान्यासाठी आपल्या एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा १५ पीपीबी आहे, अमेरिकेची २०. एका खराब ट्रॉलीने दहा ट्रॉल्या बाद होतात, म्हणून डागी माल वेगळा विकण्याची सोय हवी. आज तो चांगल्यात ढकलण्यातच फायदा आहे आणि तो ढकलला जातो. कुणी म्हणेल, निर्यात नाही झाली तर इथेनॉल आहेच. पण आसवणीत स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात हे विष जवळपास तिप्पट दाट होते आणि तो चोथा कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

मळणीचेही असेच. फार ओल्या दाण्यावर आणि वाढवलेल्या फेऱ्यांवर यंत्र चालवले, की दाणा फुटतो. अमेरिकेच्या दोन नंबर प्रतीच्या मक्यात फुटका दाणा व काडीकचरा मिळून ३ टक्के आणि एकूण खराब दाणा ५ टक्के एवढीच सूट असते. मळणी १८ ते २० टक्क्यांवर करावी. ड्रायरमध्येही घाई नको. तापमान फार चढवले तर दाण्याला आतून तडे जातात आणि पुढे पोते हमालाच्या पाठीवरून पडले तरी चुरा होतो. डांबरी रस्त्यावर वाळवलेल्या मक्यात खडे येतात, हे वेगळे सांगायला नको.

कंटेनर हा शेवटचा सापळा. १४ टक्क्यांचा मका मोंढ्यात चांगला ठरतो, पण बंद पेटीत समुद्रावर रात्री छताचा पत्रा गार पडतो, दाण्यातली वाफ वर जाऊन तिचे पाणी होते आणि वरच्या थरावर ठिबकते. म्हणून १२ टक्क्यांचा आग्रह, आतून क्राफ्ट कागदाचे अस्तर आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या. धुरी देतानाही टनामागे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन गोळ्या टाकल्या की झाले, असे नसते. ताडपत्रीच्या कडा वाळूच्या पोत्यांनी घट्ट दाबून निदान पाच-सात दिवस कोंडले नाही, तर किडे मरत नाहीत आणि उरलेल्यांना हळूहळू औषधच लागू पडेनासे होते.

तेव्हा मागणी अनुदानाची कशाला? तोच पैसा मका येणाऱ्या प्रत्येक मोठ्या बाजार समितीत ड्रायर, चाळणी आणि विषाची झटपट तपासणी करणाऱ्या संचासाठी द्यावा. माल नेण्यासाठी समृद्धी महामार्ग आता पुरा झाला आहे. जालन्याच्या ड्राय पोर्टची (समुद्रापासून दूर, कंटेनर हाताळणाऱ्या बंदराची) कोनशिला २०१५ मध्ये बसली, तिथेही कंटेनर भरायच्या जागेशेजारी ही सोय आखावी. शेतकऱ्याला पैशाची नड असते म्हणून तो ओला माल विकतो, हे खरे. शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, पण गोदामाला लागतो वाळलेला माल. ड्रायर शेजारी असेल तरच ती योजना ऑक्टोबरात उपयोगी पडते.

दिल्लीकडून एकच हवे. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात रातोरात बंद झाली, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळही असाच थांबला. मक्याबाबत तशी वेळ आलीच, तर निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि झालेल्या सौद्यांचा माल तरी अडवू नये. मोडलेल्या सौद्याचा गिऱ्हाईक पुढच्या वर्षी भाव विचारायलाही फोन करत नाही.

— धान्य प्रतवारीच्या कामातील एक वाचक, सिल्लोड (जि. छत्रपती संभाजीनगर)