डबा कंपासपेटीएवढा का झाला?

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, पानवलच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचं थ्रीडी दृश्य तुम्ही डॅझ स्टुडिओ या प्रोग्राममध्ये उभं करताय, त्याची फाइल उघडून पाहिली. डॅझमध्ये डबा कंपासपेटीएवढा आणि इंजिन गावाच्या वेशीपर्यंत लांब, ही तुमची चूक नाही. मॉडेलच्या ओबीजे प्रकारच्या फाइलमध्ये नुसते आकडे असतात. त्यातला १ म्हणजे मीटर, इंच की मिलिमीटर हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं. मॉडेलं बनवायचा ब्लेंडर हा प्रोग्राम १ ला मीटर समजतो, डॅझ स्टुडिओ सेंटिमीटर. म्हणून २३.५४ मीटरचा एलएचबी (नव्या प्रकारचा) डबा २३.५ सेंटिमीटरचा झाला. इंजिन बनवणाऱ्याने मात्र कारखान्याच्या आराखड्यासारखं मिलिमीटरमध्ये काम केलंय. २०,५०० मिलिमीटरचे झाले २०,५०० सेंटिमीटर, म्हणजे २०५ मीटर.

डॅझमध्ये फाइल आत घेताना स्केलचा चौकोन येतो, तिथे टक्के घालायचे. मूळ मॉडेल मीटरमध्ये असेल तर १००००, इंचात असेल तर २५४, मिलिमीटरमध्ये असेल तर १०. स्केचअप या प्रोग्राममधून आलेली मॉडेलं बहुधा इंचात निघतात. कागदी किंवा छापील छोट्या मॉडेलांसाठी बनवलेलं काही मिळालं तर ते १:८७ मापाचंही असू शकतं, तेव्हा आधी ८७ ने गुणा. पोझर या डॅझसारख्याच प्रोग्रामसाठी बनवलेल्या वस्तूंचा घोळ वेगळाच आहे. पोझर स्वतःचं एक एकक ८.६ फूट मानतं, तर डॅझच्या यादीतला पोझरचा पर्याय ८ फूट धरतो. दोन वस्तूंत साडेसात टक्के फरक पडतो, आणि तेवढ्याने माणूस दारात अडकतो.

म्हणून यादीवर विसंबू नका, चाकं मोजा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. नुसता डबा असेल, रूळ नसतील, तर एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं, म्हणजे आतल्या बाजूंमधलं, अंतर मोजा. ते १६०० मिलिमीटर असायला हवं. युरोप-अमेरिकेची गेज १४३५ ची आणि चाकांच्या पाठी १३६० च्या आसपास. आता नेमकी इथे चूक होते. गेज जुळत नाही म्हणून लोक अख्खा डबा १.१७ ने मोठा करतात आणि डबा पावणेचार मीटर रुंद होऊन बसतो. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा साधारण ३.२४ मीटर रुंद असतो. अंगाचं माप आधी रुंदीवरून पक्कं करा, मग फक्त चाकं दोन्ही बाजूंना १२०-१२० मिलिमीटर सरकवा आणि आस तेवढा ताणा. चाक बोगीच्या (डब्याखालच्या, चाकं धरणाऱ्या गाड्याच्या) चौकटीत घुसलं तर चौकटही तेवढीच बाहेर घ्या.

शोधताना इंग्रजीत ‘इंडियन ट्रेन’ एवढंच टाकलंत तर खेळण्यातल्या गाड्या जास्त मिळतील. ‘डब्ल्यूएपी ७’ (विजेचं इंजिन), ‘एलएचबी कोच’, ‘आयसीएफ कोच’ असं नेमकं नाव टाका. थ्रीडी वेअरहाऊस या संकेतस्थळावर भारतीय डबे सापडतात, पण ते स्केचअपचे असल्यामुळे दुरुस्ती जास्त. स्केचफॅब या संकेतस्थळावर उतरवून घेता येणारीच मॉडेलं दाखवणारी गाळणी (फिल्टर) लावा. तिथे मॉडेल उतरवण्याआधीच त्याची त्रिकोणांची जाळी पाहता येते, ही फार मोठी सोय. प्रत्येक बोल्ट गोल कोरलेला दिसला आणि त्रिकोण पाच लाखांवर गेले तर सोडून द्या. पुलावरून जाणाऱ्या गाडीला तीस-चाळीस हजार त्रिकोणांचा डबा पुष्कळ झाला.

डबा कोणता आहे हे मथळ्यावरून नाही, बोगीवरून ओळखा. एलएचबीच्या बोगीत दोन आसांमधलं अंतर २.५६ मीटर, जुन्या निळ्या आयसीएफमध्ये २.८९६. आयसीएफचं अंग २१.३३७ मीटर, टोकाला दोन गोल बफर. एलएचबीला मधोमध सीबीसी कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा. आयसीएफ ताणून एलएचबी करायला जाऊ नका, खिडक्या रुंद होतात आणि कोकणकन्येने रोज जाणाऱ्या माणसाला ते लगेच खटकतं.

ट्रेन सिम्युलेटर खेळांसाठी लोकांनी बनवलेले डबे मोहात पाडतील. हलके असतात, रंगही बरे असतात. पण ट्रेन्झ या खेळात डब्याचं अंग आणि बोगी या वेगळ्या वस्तू असतात. अंगात ए.बॉग०, ए.बॉग१ अशा नुसत्या खुणा असतात, म्हणून एकट्या अंगाचं रूपांतर केलंत तर डबा बिनचाकांचा मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरच्या फाइलमध्ये चाकं असतात, पण चित्रं एसीई या प्रकारात, ती आधी टीजीए या प्रकारात बदलावी लागतात. आणि सोबतची रीडमी (सूचनांची फाइल) वाचल्याशिवाय हात लावू नका. बऱ्याच जणांनी ‘रूपांतर करू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्स या वापर-परवान्याची खूण असेल तर बीवाय म्हणजे नाव द्यायचं, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही. आई, तू चित्रांची कॅलेंडरं छापून विकायचं म्हणतेस ना, त्यात एनसीवाला डबा चालणार नाही.

आता रूपांतर. ब्लेंडरची ४.२ आवृत्ती ठेवा, तिच्यात कोलाडा, जीएलटीएफ आणि ओबीजे या तिन्ही प्रकारच्या फाइल उघडतात. मॉडेल आत आलं की सगळं निवडून कंट्रोल-ए, मग स्केल पक्कं करा. मग एडिट मोडमध्ये एम दाबून मर्ज बाय डिस्टन्स (जवळजवळचे बिंदू एक करणं), अंतर ०.००१ मीटर. त्याहून मोठं अंतर दिलंत तर खिडकीचे गज एकमेकांना चिकटतात. नंतर फेस ओरिएंटेशन चालू करा: लाल म्हणजे पत्र्याची उलटी बाजू. स्केचअपच्या डब्यात निम्मं लाल दिसेल, कारण तिथे रंग कुठल्याही बाजूला फासता येतो. शिफ्ट-एनने बरंचसं सुटतं, उरलेले पत्रे एकेक करून उलटवावे लागतात. कंटाळवाणं आहे खरं, पण इथे आळस केला तर पोझरमध्ये काळे डाग येतात. छतावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर मात्र कारण वेगळं. एकाच जागी दोन पत्रे आहेत, एक काढा.

बाहेर काढताना ओबीजे, फॉरवर्ड उणे झेड, अप वाय, आणि पाथ मोड ‘कॉपी’. हे ‘कॉपी’ विसरलात तर सोबतच्या एमटीएल (रंग आणि चित्रांची नोंद ठेवणाऱ्या) फाइलमध्ये चित्रांचा पत्ता दुसऱ्याच संगणकाचा राहतो आणि डबा पांढराफटक उघडतो. तसं झालंच तर एमटीएल नोटपॅडमध्ये उघडा, ‘मॅप_केडी’ने सुरू होणाऱ्या ओळींतला फोल्डरचा पत्ता खोडून फक्त चित्राचं नाव ठेवा आणि चित्रं त्याच फोल्डरमध्ये टाका.

चाकं फिरवायची असतील तर प्रत्येक आसाची जोडी वेगळी वस्तू करून काढा. ब्लेंडरमध्ये चाकाचा मध्य नीट ठरवलेला असतो, पण ओबीजे तो सोबत नेत नाही. डॅझमध्ये त्याचा मध्य सगळ्या दृश्याच्या शून्यावर जातो आणि चाक स्वतःभोवती न फिरता अख्ख्या डब्याला प्रदक्षिणा घालतं. जॉइंट एडिटरमध्ये सेंटर पॉइंट आसाच्या मधोमध आणा, मग ते चाक बोगीचं मूल करा आणि बोगी डब्याचं, म्हणजे सगळं डब्यासोबत हलेल. डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ २.८७ मीटर. गाडी एक मीटर पुढे सरकली की चाक १२५ अंश फिरलं पाहिजे. डब्ल्यूएपी ७ चं चाक १०९२ चं, ते १०५ अंश.

काचांना आयरेमध्ये (डॅझमध्ये शेवटचं चित्र काढणारा भाग) ‘थिन वॉल्ड’ चालू करा, नाहीतर एकपदरी काच भरीव धरली जाते आणि आतले प्रवासी वाकडे दिसतात.

पानवल नदीच्या पुलाचं माप मनात घ्या: उंची ६४ मीटर, लांबी ४२४. एलएचबी डबा कपलरसकट २४ मीटर धरला तर पुलावर साधारण साडेसतरा डबे मावतात. २२ डब्यांची गाडी दोन्ही टोकांना डोंगराआड जाणारच, तेवढे डबे करूच नका. एक डबा खरा ठेवा, बाकीचे क्रिएट मेन्यूतून नोड इन्स्टन्स, म्हणजे त्याच्याच हलक्या नकला. रुळांचंही तेच. काँक्रीटचे स्लीपर २.७५ मीटर लांब, किलोमीटरला १६६०, म्हणजे ६० सेंटिमीटरवर एक. परदेशी रुळाच्या तयार तुकड्यात बहुधा लाकडी स्लीपर आणि अरुंद गेज असते, तो घेऊच नका. विजेच्या खांबांचा निर्णय आधी करा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं. डिझेल इंजिनाचा जुना काळ दाखवायचा असेल तर खांब आणि तारा काढा. डब्ल्यूएपी ७ घेणार असाल तर त्या हव्यातच.

आई, रुळांसाठी डोंगर कापलेल्या कटिंगच्या भिंतीसाठी बाजारचा दगड नको, आपल्या परसातल्या गडग्याचा जांभा घेऊ. ढगाळ दिवशी, फ्लॅश बंद ठेवून, भिंतीच्या अगदी समोर उभी राहून फोटो काढ. उन्हात काढलास तर दगडातल्या भोकांच्या सावल्या चित्रात कायमच्या राहतात आणि सूर्य दुसरीकडे ठेवला की भिंत खोटी दिसते. शेजारी मीटरची पट्टी उभी कर, म्हणजे चिरा किती मोठा ते कळेल. पावसानंतर दोन दिवस थांब, ओला जांभा फार काळपट येतो. फोटो २०४८ बाय २०४८ वर आणून ठेव. ४०९६ चं एक चित्र उघडलं की ६४ एमबी खातं, २०४८ चं १६, आणि बाबांच्या संगणकात ८ जीबीच आहे.

बाबा, डब्यातली चाकांची पाठ मोजलीत की आकडा कळवा. १.६ आला तर मीटर, १६०० आला तर मिलिमीटर, ६३ आला तर इंच. ५३.५ आला तर तो परदेशी डबा इंचात आहे, मग चाकं कशी सरकवायची ते रविवारी फोनवर स्क्रीन समोर ठेवून करू.

तुमची लेक