घरपोच वाचनालयाच्या काकूंना, मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता, "पुरे गं, पोहे खा" म्हणता, म्हणून शेवटी इथे लिहितेय. सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतीलच, आणि ठाण्याच्या उथळसर-चरईतल्या ज्या ज्या बायकांनी तुमच्या त्या दोन कापडी पिशव्यांमधून पुस्तकं घेतली त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

दर गुरुवारी संध्याकाळी तुम्ही आमचे तीन जिने चढून यायच्या. लिफ्ट नव्हतीच. एका पिशवीत मासिकं, दुसरीत पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हर, आणि प्रत्येक मेंबरचं एक पिवळट कार्ड ज्यावर पेन्सिलने पुस्तकाचा नंबर आणि तारीख. आई मासिक घ्यायची, मी रहस्यकथा, बास.

२००८ ला बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा मी सत्तावीसची होते. महापेला अकाउंट्समध्ये नोकरी, सात तारखेला पगार झाला की एटीएममधून काढून सगळा आईच्या हातात, धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी, आजीची औषधं, लाईट बिल, सगळं त्यातूनच, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं, उलट अभिमानच होता. मग स्थळं यायची आणि बाबा म्हणायचे पत्रिका जुळत नाही. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी तर त्यांनी पत्रिका कुणाला दाखवलीच नव्हती, पाकीट तसंच कपाटावर बंद पडलेलं मला सापडलं. मी ते परत तिथेच ठेवलं आणि कुणालाच काही बोलले नाही.

तुम्हालाही नव्हतं सांगितलं. पण त्या गुरुवारी मी दारात उभी राहून नुसतीच पुस्तकं चाळत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघून पिशवीच्या तळातून एक जुनं पुस्तक काढलंत, विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. म्हणालात, "यातली बाबांच्या संसाराची गोष्ट आधी वाच, परत द्यायची घाई करू नको."

'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे गोष्टीचं नाव वाचूनच मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पुस्तक १९३३ चं! शिकलेली, कमावती मुलगी, तिच्या पगारावर घर चाललंय आणि तिच्या लग्नाचं कुणी नाव काढत नाही. माझ्या आजीच्या जन्माच्या आसपास कुणीतरी हे लिहून ठेवलेलं. बाईंचं खरं नाव मालतीबाई बेडेकर हे तुम्ही नंतर सांगितलंत, आणि टोपणनावाने लिहिलेल्या त्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला तेही, लोक ही बाई कोण म्हणून शोधत होते. मला तर वाटलं की मला कुणीतरी शोधून काढलंय.

पुढच्या गुरुवारी जिन्यात मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही बाबांना एक शब्दही वाईट बोलला नाहीत. "घाबरलाय तो माणूस" म्हणालात, आणि मग "भांडू नको, आधी स्वतःच्या नावावर एक खातं उघड." मी पोस्टात आरडी उघडली, महिना पाचशेची. ते पासबुक तुमच्याकडे असायचं, आठवतंय ना? आमच्या घरात लपवायला जागाच नव्हती.

मग 'रीटा वेलिणकर' दिलंत. २००९ ला रेणुका शहाणेंनी त्यावर सिनेमा केला, तुम्ही बजावलंत की आधी शांता गोखल्यांचं पुस्तक वाच. रीटाही घरातली थोरली, आईवडील-बहिणींना पोसणारी, ऑफिसात बॉसशी नातं, तो लग्न झालेला, आणि एक दिवस सगळं असह्य होऊन ती मोडून पडते. सगळे त्या बॉसबद्दल बोलतात पण माझं लक्ष सरस्वतीवर, तिच्या मैत्रिणीवर होतं. (सिनेमात तो रोल रेणुकाताईंनी स्वतः केला, लेखिकेच्या मुलीने, हे मला फार आवडलं.) मी आधी ज्या कादंबऱ्या वाचल्या त्यात मैत्रीण म्हणजे चिठ्ठ्या पोचवणारी नाहीतर मत्सर करणारी. इथे ती अख्खी बाई आहे, तिचं स्वतःचं आयुष्य आहे आणि तरी ती रीटाजवळ आहे. पुस्तक परत देताना मी म्हटलं की मला अशी सरस्वती नाही, तर तुम्ही कार्डावर तारीख लिहिता लिहिता म्हणालात, "आहे की. वयाने मोठीये फक्त." काकू, हे वाक्य मी कित्येक रात्री पुरवून पुरवून वापरलंय.

गौरी देशपांडे मात्र मला तेव्हा झेपल्या नाहीत. 'एकेक पान गळावया' मी अर्धं सोडलं, म्हटलं या बायकांकडे पैसा आहे, परदेश आहे, नवरे समजूतदार आहेत, मग दुखतंय काय? वीस मिनिटं आपण दारात वाद घातला, तोवर आईने भाजी करपवली. तुमचं म्हणणं, पोट भरल्यावरही जे दुखतं त्याचंही कुणीतरी लिहायला हवं. मला ते पटलं माझं लग्न झाल्यावर, एकदम चांगल्या माणसाशी झाल्यावर, तेव्हा मी ते पुस्तक पुन्हा मागून घेतलं.

आणि ते लग्न. मी चौतीसची, तो घटस्फोटित, दोन्ही घरं नाराज. रजिस्टर लग्नाची तीस दिवसांची नोटीस लागली आणि त्या तीस दिवसांत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. तीन साक्षीदार लागतात, दोन ऑफिसमधले मिळाले, तिसऱ्या तुम्ही. गुडघे दुखत असताना रिक्षा करून आलात, नारायणपेठ नेसून, आणि सहीच्या जागी पूर्ण नाव लिहिलंत, एकेक अक्षर सुटं. नंतर हातात मेघना पेठेंचं 'नातिचरामि' ठेवलंत, जरा बिचकतच, कारण मोडलेल्या लग्नाची कादंबरी कुणी लग्नात देतं का! पण धर्मे च अर्थे च कामे च नंतर नवरदेव म्हणतो तो हा शब्द, आमच्या रजिस्टर लग्नात तो कुणी म्हटलाच नव्हता, तो तुमच्या खाकी कव्हरावर पेन्सिलने लिहिलेला मला मिळाला. तिसऱ्या महिन्यात बाबा आले घरी, आंबे घेऊन. पुढे ते नीट बोलायलाही लागले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद केलंत. पुस्तकं वाटून टाकलीत, मला माझं कार्ड दिलंत आणि तुम्हीच बरोबर येऊन मराठी ग्रंथ संग्रहालयात माझं नाव घालायला लावलंत, "१८९३ पासून चालू आहे, माझ्यासारखं बंद नाही पडायचं" म्हणालात. कार्डावर मी मोजलं, दोनशे अकरा नोंदी आहेत. त्यातल्या निदान पन्नास तरी अशा की पुस्तक मी मागितलंच नव्हतं, तुम्ही आणलंत.

आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला वाचू नका सांगितलंय ना, मग मी येते रविवारी साडेदहाला. 'आहे हे असं आहे' आणतेय, गौरीबाईंचंच, मोठ्याने वाचते, जिथे पटणार नाही तिथे थांबवा. चहा मी करेन, तुम्ही उठू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची